चंद्राच्या कला, ‘स्वच्छाया’ आणि उन्हात ठेवलेला माठ

माळरान (धागाकर्ता)

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेलो असताना भाचीची विज्ञानाची वही सहज चाळायला घेतली. ‘चंद्राच्या कला का दिसतात?’ या प्रश्नाखाली तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, ‘पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, म्हणून चंद्र कमी-जास्त दिसतो’, आणि त्या उत्तरावर ‘बरोबर’ची लाल खूण होती. शाळेचे नाव सांगण्यात काही अर्थ नाही, कारण हेच उत्तर मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांकडूनही अनेकदा ऐकले आहे. ज्या समाजात तिथी पाहिल्याशिवाय मुहूर्त ठरत नाही आणि संकष्टीला चंद्रोदयाची वेळ घराघरांत विचारली जाते, त्या समाजात हा गैरसमज इतका घट्ट बसावा याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा धागा.

मुळात चंद्राला स्वतःचा उजेड नाही. उन्हात धरलेल्या कोणत्याही चेंडूप्रमाणे त्याची सूर्याकडची अर्धी बाजू उजळलेली असते आणि उरलेली अर्धी अंधारात असते. अमावास्येच्या दिवशीसुद्धा अर्धा चंद्र लख्ख उन्हातच असतो. फक्त त्या दिवशी चंद्र सूर्याच्या दिशेला असल्यामुळे त्याची उजळ बाजू पलीकडे राहते आणि आपल्या वाट्याला काळोखी बाजू येते. पौर्णिमेला तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या टोकाला असतो, त्यामुळे सूर्य ज्या बाजूला उजळवतो तीच बाजू आपल्यालाही दिसते. या दोन टोकांच्या मध्ये आपण चंद्राकडे कमी-अधिक तिरके पाहत असतो, म्हणून उजळ बाजूचा काही भाग आणि काळोख्या बाजूचा काही भाग असे दोन्ही दिसतात. कोरीच्या आत जो भाग ‘नाहीसा’ झालेला वाटतो, तेथे त्या वेळी चंद्रावरची रात्र चालू असते.

पृथ्वीची सावली कोठे असते याचा विचार केला, तर वहीतले उत्तर एका क्षणात गळून पडते. सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच पडणार. शुद्ध अष्टमीला दुपारी चारच्या सुमारास अंगणात उभे राहिलो, तर पश्चिमेकडे सूर्य तळपत असतो आणि काटकोनात दुसरीकडे अर्धा चंद्र फिकट पांढरा दिसत असतो. त्या वेळी पृथ्वीची सावली आपल्या पायांखाली, जमिनीच्या पार पलीकडे पडलेली असते. ती वर चढून डोक्यावरच्या चंद्राचा अर्धा भाग झाकणार तरी कशी?

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वी नीट समजलेली होती. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास लिहिताना पृथ्वी, ग्रह आणि तारे या गोलांचा अर्धा भाग ‘स्वच्छायया’, म्हणजे स्वतःच्याच छायेमुळे काळा असतो आणि सूर्यासमोरचा अर्धा उजळतो, असे म्हटले आहे. ताऱ्यांपुरते ते विधान आज टिकत नाही, पण चंद्राबाबत ते अचूक आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने तोच शब्द वापरून घरगुती दृष्टान्त दिला : उन्हात ठेवलेल्या घड्याची एक बाजू उजळते आणि दुसरी त्याच्याच सावलीत राहते, तसा चंद्र. ‘पृथ्वीची छाया’ हा शब्द त्यांनी चंद्रग्रहणासाठी राखून ठेवला आणि कलांसाठी ‘स्वच्छाया’ वापरला. भाचीच्या वहीत या दोन छायांची गल्लत झाली आहे, एवढेच.

हा दृष्टान्त प्रत्यक्ष करून पाहता येतो. शुद्ध षष्ठी ते दशमीच्या दरम्यान, दुपार कलल्यावर, चंद्र आणि सूर्य दोघेही आकाशात असताना एक लहानसे मातीचे बोळके किंवा पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरावा. त्यावर ऊन मात्र पडले पाहिजे. बोळक्यावरची उजेड-अंधाराची रेघ चंद्रावरच्या रेघेसारखीच दिसते, अगदी तिच्या तिरकेपणासकट. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आणि चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर असल्यामुळे चंद्रावर पडणारे ऊन आणि आपल्या हातातल्या बोळक्यावर पडणारे ऊन जवळजवळ समांतर असते, म्हणून हे जुळते.

आपली निरीक्षणे आणि शंका अवश्य लिहाव्यात.

वहीपेन

माळरान, धागा काढल्याबद्दल आभार. मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि आता निवृत्त आहे. हा गैरसमज मुलांच्या डोक्यात कोठून शिरतो याबद्दल माझे एक मत आहे, आणि ते आकृतीबद्दल आहे.

फळ्यावर आपण सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एकाच पातळीत काढतो, तेही इतके जवळ की पृथ्वी आणि चंद्र यांच्यात जेमतेम वीतभर जागा उरते. मग एखादा हुशार मुलगा विचारतो की पौर्णिमेला पृथ्वी मध्ये येते, तर सावली पडायलाच हवी. प्रश्न अगदी रास्त आहे, पण घाईत त्याला मिळणारे उत्तर बहुधा अर्धवट असते, आणि ‘सावली’ हा शब्द त्याच्या मनात कायमचा राहतो.

मी पुढे पुढे आकृती काढणे सोडून दिले आणि मुलांना मैदानावर नेऊ लागलो. पृथ्वीसाठी ३० सेंटिमीटर व्यासाचा चेंडू घेतला, तर चंद्रासाठी साधारण ८ सेंटिमीटरचे मोसंबे लागते, आणि ते चेंडूपासून तब्बल ९ मीटर लांब धरावे लागते. मोसंबे घेऊन चालणारा मुलगा नऊ मीटर जाऊन थांबला की बाकीची मुले चकित होतात. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. या प्रमाणात तेवढ्या कलामुळे मोसंबे चेंडूच्या पातळीपासून ८० सेंटिमीटरपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकते, आणि त्या अंतरावर चेंडूची गडद सावली जेमतेम २२ सेंटिमीटर रुंद असते. मोसंबे बहुतेक पौर्णिमांना सावलीच्या वरून किंवा खालून निघून जाते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. ज्या दोन बिंदूंपाशी ही कक्षा पृथ्वीच्या कक्षेची पातळी छेदते, त्यांनाच आपण राहू आणि केतू म्हणतो. पौर्णिमा त्यांच्या जवळपास घडली तरच चंद्र सावलीत शिरतो.

किनारपट्टी

वहीपेन सरांच्या मुद्द्याला जोडून ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाची आठवण लिहितो. भाद्रपदी पौर्णिमा होती, आमच्याकडे ढगांची ये-जा चालू होती, तरी अधूनमधून चांगले दिसले. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी गडद सावली लागली, ११ वाजता चंद्र पूर्ण झाकला जाऊन तांबूस झाला, तो १२ वाजून २२ मिनिटांपर्यंत तसाच होता, आणि दीडच्या आत सगळे आटोपले. कलांना ज्या बदलासाठी पंधरवडा लागतो, तो येथे तासाभरात झाला.

त्या रात्री मी एक गोष्ट मुद्दाम पाहिली. ग्रहणातल्या कोरीची आणि बीज-तृतीयेच्या कोरीची टोके सारखी नसतात. बीजेच्या कोरीची दोन्ही टोके चंद्राच्या बरोबर समोरासमोरच्या कडांवर असतात, एकाला दुसरे जोडले तर रेषा चंद्राच्या मधोमध जाईल अशी. ग्रहणातला घास मात्र मोठ्या वर्तुळाने घेतलेला असतो, कारण पृथ्वीची सावली तेथे चंद्राच्या अडीच पटींहून अधिक रुंद असते. त्यामुळे तिची कड बसकी असते आणि टोके कोठेही येतात. आणि दशमी-एकादशीचा चंद्र तर दोन्हीकडून फुगीर असतो. वाटोळ्या सावलीने घास घेतला तर उजळ भाग आत दबलेला उरेल. फुगीर उरणे शक्यच नाही. सावलीचे उत्तर देणाऱ्याला एकादशीचा चंद्र दाखवावा, असे मला वाटते.

घरचे पंचांग

मला या विषयातले शास्त्र फारसे कळत नाही, पण गेली बावीस वर्षे संकष्टी करते, त्यामुळे वद्य चतुर्थीचा चंद्र माझ्या चांगला ओळखीचा आहे. दोन शंका आहेत. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो तो का? आणि तिथी तीच असूनही एखाद्या महिन्यात नऊच्या आत-बाहेर चंद्र दिसतो, तर उन्हाळ्यात दहा वाजून गेले तरी ताट वाढून वाट पाहावी लागते, असे का व्हावे? माझी जाऊ नागपूरला असते. तिचा उपास नेहमी माझ्या आधी सुटतो.

माळरान

ताई, तुमच्या शंकेत धाग्याचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. सूर्यही त्याच दिशेने रोज सुमारे १ अंश सरकतो. म्हणजे दोघांतले अंतर रोज सरासरी १२ अंशांनी वाढते. आपली तिथी हीच आहे : चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली. अमावास्या संपते तेव्हा हे अंतर शून्य असते, शुद्ध अष्टमीच्या मध्यावर ९० अंश, पौर्णिमा संपताना १८० अंश. असे ३६० अंश पुरे व्हायला सरासरी २९.५३ दिवस लागतात. ताऱ्यांच्या दृष्टीने चंद्राची फेरी २७.३२ दिवसांतच पुरी होते, पण तेवढ्यात सूर्य पुढे गेलेला असल्यामुळे त्याला गाठायला आणखी दोन दिवस जातात. चंद्र कधी पृथ्वीच्या जवळ असून झपझप चालतो आणि कधी लांब असून सावकाश चालतो, म्हणून एक तिथी सुमारे २० तासांपासून सुमारे २७ तासांपर्यंत कितीही असू शकते. तिथीचा क्षय आणि वृद्धी होते ती यामुळेच.

म्हणजे पंचांगातली तिथी आणि आकाशातली कला ही एकाच कोनाची दोन नावे आहेत. तिथी कळली की चंद्राचा आकार कळतो आणि तो केव्हा उगवेल तेही कळते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, कारण तो सूर्याच्या समोर आहे. वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. श्रावण वद्य अष्टमीला कृष्णजन्माच्या वेळी चंद्रोदय होत असतो तो याच हिशेबाने. शुद्ध अष्टमीचा भर दुपारी उगवतो, पण उन्हात त्याच्याकडे कोणी पाहत नाही. १२ अंश पूर्वेकडे सरकलेल्या चंद्राला क्षितिजावर आणायला पृथ्वीला आणखी सुमारे ५० मिनिटे फिरावे लागते, हा तुमचा रोजचा उशीर.

ऋतूप्रमाणे फरक पडतो तो चंद्राच्या वाटेच्या कलामुळे. भाद्रपद-आश्विनात पौर्णिमेनंतर चंद्राची वाट पूर्व क्षितिजाशी बरीच तिरकी असते, त्यामुळे तो बराच सरकूनही क्षितिजाखाली फार खोल जात नाही आणि रोजचा उशीर कमी भरतो. चैत्र-वैशाखात ती वाट उभी असते, म्हणून उशीर वाढतो. त्यातच तेव्हा सूर्यास्तही उशिरा असतो. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे अधिक आहे. त्यामुळे तिथे चंद्र सुमारे २५ मिनिटे आधी उगवतो. तुमच्या जाऊबाईंचा उपास लवकर सुटणार हे ठरलेलेच आहे.

किनारपट्टी

तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातला कोन, हे वाचून आजोबांचा हिशेब आठवला. ते पंचांगात तिथी पाहून भरतीची वेळ सांगत. तिथीची पाऊणपट करायची : चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. पाऊण का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आता उमगते की १२ अंश म्हणजे ४८ मिनिटे, आणि होडीत बसून तोंडी हिशेब करताना ४५ मिनिटे धरणे सोपे. चंद्र आणि सूर्य एका रेषेत असतात तेव्हा उधाण येते आणि अष्टमीला काटकोनात असतात तेव्हा भांगाची भरती येते, जिच्यात पाणी फारसे चढत नाही. चंद्राचा आकार पाहून पाण्याचा अंदाज बांधणारी माणसे आकार आणि कोन यांचे नाते हाताने ओळखत होती.

आकडेमोड

कोनावरून आकाराचे गणित करता येते, आणि त्यातून एक गोष्ट निघते जी नुसत्या डोळ्यांनी जाणवते पण कारण सुचत नाही. चंद्राच्या बिंबाचा किती भाग उजळ दिसतो तो वाढतो असमान गतीने. बीज संपताना सुमारे ४ टक्के, पंचमी संपताना २५, अष्टमीच्या मध्यावर ५०, दशमी संपताना ७५ आणि चतुर्दशी संपताना जवळजवळ ९९ टक्के. सप्तमी, अष्टमी आणि नवमी या तीनच तिथींत तो ३५ टक्क्यांवरून ६५ वर जातो. त्याउलट त्रयोदशीच्या अखेरीपासून पौर्णिमेच्या अखेरीपर्यंत जेमतेम ४ टक्क्यांची भर पडते. म्हणून चतुर्दशीचा चंद्र पाहून ‘आज पौर्णिमा का?’ असे माणसे विचारतात, पण सप्तमी आणि नवमी यांच्यात कोणाचीही गल्लत होत नाही. जत्रेतला मोठा पाळणा आठवावा : तो एकाच वेगाने फिरत असला तरी अगदी खाली आणि अगदी वर आपली उंची सावकाश बदलते, आणि मधल्या उंचीवर आपण भरकन वर जातो. येथे तेच घडते. सोळा कला म्हणजे रोज एक सोळांश भर, असा अर्थ घेऊ नये.

आणखी एक. अष्टमीला अर्धे बिंब उजळते, पण चांदणे पौर्णिमेच्या निम्मे पडत नाही. ते जवळपास दशांशच असते. पौर्णिमेला चंद्रावरच्या डोंगरांवर आणि विवरांवर ऊन आपल्या पाठीमागून, समोरासमोर पडते, त्यामुळे त्यांच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत. अष्टमीला ऊन आडवे पडते आणि त्या लाखो सावल्या उजेड खाऊन टाकतात. दुर्बिणीतून पाहायचे असेल तर मात्र अष्टमीच निवडावी. रेघेच्या कडेला विवरांचे काठ उजळलेले आणि तळ काळे असे जे दिसते, ते कोजागरीच्या चंद्रात दिसत नाही.

दक्षिणगोल

मी नऊ वर्षे मेलबर्नला आहे. येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात बाल्कनीतून शुद्ध पक्षातला चंद्र पाहिला आणि तो मला वद्य पक्षातला वाटला, कारण उजळ बाजू डावीकडे होती. पंचांग उघडून पाहिले तर पंचमीच होती. पुण्यात उत्तरेकडून पाहणारे डोळे येथे दक्षिणेकडून पाहतात, चंद्र उत्तर आकाशातून जातो, आणि त्याचे चित्र आपल्यासाठी फिरलेले असते. मुलीला मी पूर्वी ‘उजवीकडून उजळला तर वाढता’ अशी खूण शिकवली होती, ती मोडून नवी शिकवावी लागली : सूर्य ज्या बाजूला मावळला, त्या बाजूचा भाग उजळ. ही खूण पुण्यातही चालते आणि येथेही. आमच्या घरी सावलीचा गैरसमज टिकला नाही तो या खुणेमुळेच, कारण कोरीची फुगीर बाजू बाणासारखी सूर्याकडे रोखलेली असते हे तिने स्वतः रोज पडताळून पाहिले.

माळरान

फार मोलाची खूण सांगितलीत. महाराष्ट्रातही हा बाण ऋतूप्रमाणे फिरतो. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पश्चिमेला पाहावे. सूर्य कोरीच्या जवळजवळ सरळ खाली मावळलेला असतो, म्हणून कोर होडीसारखी आडवी, दोन्ही टोके वर केलेली असते. गणेश चतुर्थीच्या सुमारास तीच कोर बरीच तिरकी कललेली असते. कोणते टोक किती उंच दिसेल याचे गणित आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात ‘शृंगोन्नती’ या नावाने येते; भास्कराचार्यांनीही ते मांडले आहे. आपल्या बायका कपाळावर जी चंद्रकोर लावतात ती टोके वर असलेली, चैत्रातल्या संध्याकाळची कोर आहे, असे मला नेहमी वाटते.

शिलालेख

कोरीचा विषय निघाला म्हणून विचारतो. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः’ असे शब्द आहेत, म्हणजे प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. पण प्रतिपदेला कोर दिसते का? आमच्याकडे बीजेची कोर पाहण्याची पद्धत आहे.

आकडेमोड

साध्या डोळ्यांना कोर दिसायला चंद्र सूर्यापासून साधारण दहा अंशांच्या आसपास दूर जावा लागतो, तेही संध्याकाळी, पश्चिम क्षितिज स्वच्छ असताना. प्रतिपदा १२ अंशांना संपते. म्हणजे प्रतिपदा संपत आलेली असताना सूर्य मावळला, तरच प्रतिपदेतली कोर केसासारखी बारीक दिसू शकते. शिवाय पंचांगात दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या तिथीचे. दुपारीच द्वितीया लागली असेल, तर ‘प्रतिपदे’च्या दिवशी संध्याकाळी दिसलेली कोर खरे तर बीजेची असते. शाबानची अखेर आली की आमचे मुसलमान शेजारी गच्चीवर रमजानच्या चंद्राची वाट पाहतात, तीही याच दहा-बारा अंशांच्या उंबरठ्यावरची. मुद्रेत पौर्णिमेची उपमा न घेता वाढीच्या अगदी पहिल्या रेषेची उपमा घेतली आहे, ती मला अतिशय समर्पक वाटते.

त्या कोरीत चंद्राचा उरलेला भागही अंधूक राखाडी दिसतो, तो कसा, हे कोणी विचारले नाही, पण विचारायला हवे. चंद्रावर तेथे रात्र असते, पण त्या रात्रीच्या आकाशात जवळजवळ पूर्ण पृथ्वी उगवलेली असते, आणि तिचा व्यास चंद्राच्या साडेतीन पटींहून अधिक असल्यामुळे तिचे ‘चांदणे’ आपल्या चांदण्याच्या कितीतरी पट असते. आपल्याला कोर दिसते तेव्हा चंद्रावरून पृथ्वी पूर्ण दिसते, आणि आपल्या पौर्णिमेला तेथे पृथ्वीची अमावास्या असते.

वहीपेन

चंद्रावरची रात्र हा शब्दप्रयोग मुलांना पटवायचा असेल, तर चंद्रयान ३ चे उदाहरण द्यावे. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरले, तेव्हा आपल्याकडे श्रावण शुद्ध सप्तमी होती आणि बाहेर आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र दिसत होता. उतरण्याच्या जागी नुकताच दिवस उजाडला होता. यानाची उपकरणे सौरऊर्जेवर चालणारी असल्यामुळे काम तेथल्या एका दिवसापुरते, म्हणजे आपल्या सुमारे १४ दिवसांपुरते आखलेले होते, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, तेथे रात्र होण्यापूर्वी, प्रज्ञान आणि विक्रम दोघांनाही निद्रावस्थेत ठेवले गेले. आपण गच्चीवरून ज्या रेघेला कलांची रेघ म्हणतो, ती तेथे सूर्योदयाची किंवा सूर्यास्ताची रेघ असते.

घरचे पंचांग

माळरान भाऊ, मुलाला घेऊन प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त लिहिते. बोळके हातात धरून हात दुखू लागला, म्हणून मुलाने गच्चीवरच्या टाकीच्या उंच ओट्यावर रिकामा माठ पालथा ठेवला. शुद्ध नवमी होती, पाच वाजले होते, ऊन पिवळे झाले होते. चंद्र माठाच्या अगदी कडेला दिसेल अशी जागा शोधत आम्ही दोघे मागे-पुढे झालो. ओट्याच्या बरेच जवळ, मान उंच करून उभे राहिल्यावर ते जुळले. माठावर अर्ध्याहून थोडा अधिक भाग तांबडा उजळलेला होता, उरलेला काळपट. आणि शेजारचा चंद्र तसाच, तितकाच, त्याच बाजूने. मी कितीतरी वेळ काही बोललेच नाही.

मुलाने पाय होते तेथे खडूने फुली काढली. दशमीला पुन्हा पाच वाजता गेलो, तर चंद्र पूर्वेकडे खाली सरकला होता, म्हणून त्याला माठाशेजारी आणायला आम्हांला ओट्यापासून पश्चिमेकडे दोन पावले मागे यावे लागले. तेथून माठाचा उजळ भाग कालच्यापेक्षा जास्त दिसला. एकादशीला आणखी मागे. तीन फुल्या एका ओळीत झाल्या. मग मुलगा ओट्यावर चढला आणि त्याने वरून ओरडून सांगितले, की माठावर ऊन जिथपर्यंत पोचते तिथे त्याने नवमीला खडूची रेघ ओढली होती, आणि आज पाच वाजताही ऊन त्याच रेघेपर्यंत आहे. माठ काल जेवढा उजळला होता तेवढाच आजही उजळला होता. जागा आमची बदलली होती.

उद्या द्वादशी. चौथी फुली कठड्यापाशी येईल असा त्याचा अंदाज आहे, आणि त्यापुढे गच्ची संपते, म्हणून त्रयोदशीसाठी माठ खाली उतरवायचा की आपण शेजारच्या गच्चीवर जायचे, याचा त्याचा विचार चालू आहे.